भिंतीतल्या प्लगपासून पडद्यापर्यंत

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, नवा पीसी असेंबल करून घ्यायला गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘इंटेल की एएमडी?’ बोलता बोलता कोटेशन कागदावर उतरू लागतं. आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा सप्लाय), कॅबिनेट आणि मॉनिटर या शेवटच्या ओळी उरलेल्या पैशांत बसवल्या जातात. पुण्या-नागपूरच्या दुकानांत हाच क्रम, ऑनलाइन विक्रेत्यांकडे हाच आणि यूट्यूबवरच्या बहुतेक सल्ल्यांतही हाच.

ज्याला एकाच यंत्रावर दिवसा पोटापाण्याचं काम करायचं आहे आणि रात्री गेम खेळायचे आहेत, त्याने हा क्रम उलटा करावा असं माझं ठाम मत आहे. यंत्राची दोन टोकं आधी पक्की करावीत: डोळ्यांसमोरचा पडदा आणि भिंतीतला प्लग. पडदा ठरला की ग्राफिक्स कार्ड किती ताकदीचं हवं ते कळतं. प्लगमागची वीज कशी आहे ते कळलं की एसएमपीएस आणि यूपीएससाठी किती पैसे बाजूला काढायचे याचा अंदाज येतो. मधल्या पार्टांसाठी खरोखर किती रक्कम उरते हे तेव्हा दिसतं आणि ‘इंटेल की एएमडी’ हा वाद बराच लहान होतो.

फुल एचडी मॉनिटरवर, म्हणजे १९२० बाय १०८० वर, सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० बाय १४४० च्या मॉनिटरवर ३६.९ लाख आणि ४के मॉनिटरवर ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. गेम चालू असताना कार्डाला हे सगळे पिक्सेल दर फ्रेमला नव्याने भरायचे असतात. ६० फ्रेमच्या गतीला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ च्या गतीला जेमतेम ६.९. जे कार्ड फुल एचडीवर ‘सायबरपंक २०७७’ झकास चालवतं तेच ४के वर धापा टाकू लागतं ते यामुळे. आणि महागडं कार्ड जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरला जोडलं तर कार्डाने काढलेल्या जादा फ्रेम डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. ‘जुना मॉनिटर अजून चालतोय’ म्हणून अशी जोडणी घरोघरी दिसते. कार्डावर गेलेले पैसे तिथे अडकून पडतात.

कामासाठी पडदा निवडताना मात्र अक्षरं पाहावीत. २७ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला साधारण ८२ पिक्सेल बसतात, २४ इंचीवर ९२, २७ इंची १४४०पी वर १०९ आणि २७ इंची ४के वर १६३. रोमन लिपी ८२ वरही निभावून नेता येते. देवनागरीत वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, मध्ये जोडाक्षर, खाली उकार, एवढं सगळं एका ओळीच्या उंचीत मावायचं असतं. ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘वर्षांपूर्वी’ हे शब्द बारीक टायपात २७ इंची फुल एचडीवर लावून पाहावेत. ‘र्षां’वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, ‘ष्ट्र’च्या पायाशी नुसता डाग दिसतो. हाच मजकूर २७ इंची १४४०पी वर सुटा सुटा वाचता येतो. दिवसभर मराठी मजकूर लिहिणाऱ्या, प्रुफं तपासणाऱ्या किंवा डीटीपी करणाऱ्यांनी दुकानात जाताना आपली एखादी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जावी आणि मॉनिटर त्यावर तपासावा. दुकानात डेमोसाठी लावलेल्या रंगीत व्हिडिओवरून काहीच कळत नाही.

ओएलईडी पडद्यांचं आकर्षण मला समजतं. काळा रंग खराखुरा काळा दिसतो आणि गेममधली हालचाल स्वच्छ असते. पण ज्या पडद्यावर आठ-आठ तास एक्सेलच्या चौकटी आणि तोच टास्कबार उभा असतो तिथे बर्न-इनचा, म्हणजे स्थिर चित्राचा डाग कायमचा उमटण्याचा, धोका राहतो, म्हणून काही कंपन्या त्यासाठी तीन वर्षांची वेगळी हमी देऊ लागल्या आहेत. शिवाय यांतल्या बऱ्याच पॅनेलांत लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांची मांडणी नेहमीची सरळ रेषेतली नसल्याने बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची झालर दिसते. काम आणि खेळ निम्मे-निम्मे असतील तर २७ इंची, १४४०पी, आयपीएस पॅनेल आणि १४४ हर्ट्झ किंवा वर, ही आजची सर्वांत समंजस निवड आहे. पुढचा हिशेब तिच्यावरून करतो.

आता दुसरं टोक. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, हा अनुभव जुन्या वाड्यांत, चाळींत आणि कित्येक नव्या फ्लॅटांतही येतो आणि ‘थोडा करंट मारतो’ म्हणून सोडून दिला जातो. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात आणि त्यांच्यातून झिरपणारा करंट अर्थच्या तारेने जमिनीत जावा अशी रचना असते. तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची तार जोडलेलीच नसेल, तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या साधारण निम्मा दाब राहतो. करंट अगदी थोडा असला तरी तोच दाब एचडीएमआय आणि यूएसबीच्या केबलींतून मॉनिटर, स्पीकर, ऑडिओ इंटरफेस यांच्यापर्यंत पोचतो. आणि एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड होऊन फेज पत्र्याला टेकली तर माणसाला वाचवणारी ती एकच तार असते.

इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांगावीत. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट आले तर ठीक. फेज-अर्थचं माप भलतंच कमी आलं तर ग्राफिक्स कार्डाआधी अर्थिंगवर खर्च करावा. त्याचा खर्च पूर्ण पीसीच्या किमतीपुढे सहसा किरकोळ असतो.

एसएमपीएसवर ‘८० प्लस गोल्ड’ असा शिक्का पाहून निर्धास्त होणारे बरेच आहेत. तो शिक्का कार्यक्षमतेचा आहे. गोल्ड म्हणजे निम्म्या लोडवर सुमारे ९० टक्के वीज कामी येते आणि बाकीची उष्णता होऊन जाते, एवढंच तो सांगतो. व्होल्टेज किती स्थिर आहे, शॉर्ट झाल्यावर सप्लाय वेळेवर बंद पडतो का, आतले कपॅसिटर कोणत्या तापमानाला टिकतील, यांतलं काहीच त्यावरून कळत नाही. ते स्वतंत्र चाचण्या वाचून आणि वॉरंटीच्या वर्षांवरून ताडावं लागतं. चांगल्या मॉडेलांना ७ ते १० वर्षांची वॉरंटी असते. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट मिळणारा लोकल एसएमपीएस, त्यावर कितीही मोठा आकडा छापलेला असो, ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीत लावू नये. पूर्ण यादीत कुठे काटकसर करू नये असं मला कोणी विचारलं तर मी याच ओळीवर बोट ठेवेन.

वॅटचा हिशेब सोपा आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० कार्ड २५० वॅट घेतं, ५०७० टीआय ३०० आणि एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी ३०४. मध्यम प्रोसेसरला १०० ते १६० वॅट, उरलेल्या पार्टांना ५०-६०. म्हणजे खरा लोड ४०० ते ५०० वॅटच्या घरात. त्यासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस पुरतो, आणि ही वरची जागा रिकामी जात नाही, कारण आजची कार्डं क्षणार्धासाठी आपल्या ठरल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतात. एरवी नीट चालणारा पीसी गेममध्ये ऐन मोक्याला फटकन बंद पडतो तो बरेचदा या झटक्याने. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने असे दुप्पट लोडचे सूक्ष्म झटके सोसले पाहिजेत ही अट घातली गेली. नवा घेताना ३.० किंवा ३.१ लिहिलेला घ्यावा.

त्याच मानकाबरोबर आलेली १६ पिनांची जोडणी मात्र वेगळ्या कारणाने गाजली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आलं आणि काही आठवड्यांत प्लग वितळल्याचे फोटो जगभरातून येऊ लागले. एवढ्याशा जोडणीतून ६०० वॅटपर्यंत वीज नेताना प्लग अर्धवट बसला तर थोड्याच पिनांवर सगळा भार येतो. नंतर तिची सुधारित आवृत्ती आली. ती प्लग पुरता बसला नसेल तर कार्डाला पूर्ण वीज देतच नाही, तरीही २०२५ च्या ५७५ वॅटच्या आरटीएक्स ५०९० बाबत तशा तक्रारी पुन्हा ऐकू आल्या. मधल्या कार्डांना हा धोका फार कमी. तरी प्लग खाचेपर्यंत पूर्ण दाबावा आणि केबल त्याच्या तोंडाशीच मुडपून कॅबिनेटच्या काचेखाली कोंबू नये.

यूपीएसवर व्हीएचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, वॅटचा बारीक. सर्रास विकला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचा असतो आणि आपला पीसी गेम खेळताना ४५० मागत असतो. वीज गेली की असा यूपीएस ओव्हरलोड होऊन लगेच मान टाकतो. ११०० व्हीए म्हणजे साधारण ६६० वॅट, तेवढा तरी हवा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की पायऱ्या-पायऱ्यांची वीज देतात आणि काही एसएमपीएसना ती मानवत नाही. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस महाग पडतो, पण क्लायंटचं काम ज्याच्यावर आहे त्याने तो घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा असेल तर त्यावरची ‘यूपीएस मोड’ची कळ चालू आहे का ते पाहावं. नाहीतर वीज जाण्याच्या आणि इन्व्हर्टर सुरू होण्याच्या मधल्या क्षणात पीसी रीस्टार्ट होतो.

आपल्याकडे विजेइतकीच कसोटी हवेची. परदेशी रिव्ह्यूंमधलं प्रोसेसरचं तापमान २०-२२ अंशांच्या खोलीत मोजलेलं असतं. कूलर खोलीच्या तापमानाखाली काहीच नेऊ शकत नाही. हवेचा असो वा पाण्याचा, तो फक्त खोलीपेक्षा किती अंश वर ते ठरवतो. तिकडे ज्या प्रोसेसरचा आकडा ७२ येतो त्याचा मे महिन्यात चंद्रपुरात किंवा अकोल्यात ४० अंशांच्या खोलीत ९० च्या वर जातो. रायझन ७००० मालिकेची मर्यादा ९५ अंश आहे आणि तिथे पोचल्यावर प्रोसेसर आपला वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. बिघडत काही नाही, पण पैसे ज्या वेगासाठी मोजले तो वेग मिळत नाही. म्हणून समोरून जाळीचं कॅबिनेट, पुढे दोन-तीन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा आणि दोन टॉवरचा साधा एअर कूलर हे विदर्भ-मराठवाड्यासाठी माझं पहिलं उत्तर. समोर काच असलेली कॅबिनेटं फोटोत देखणी दिसतात, पण त्यांतल्या अनेकांत कार्डाला श्वास घ्यायला जागा नसते. लिक्विड कूलर वाईट नसतात. मात्र त्यांचा पंप काही वर्षांनी जातोच, आणि एअर कूलरमध्ये बदलावा लागणारा भाग एकच, पंखा. धुळीच्या गावात आत येणाऱ्या हवेला जाळीचा फिल्टर हवा आणि तो महिन्याकाठी झटकायला हवा. कोकण-गोव्यात धुळीपेक्षा खारट दमट हवा त्रास देते. तिथे पीसी समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नये आणि पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे बंद राहू देऊ नये. चालू यंत्राची ऊब ओल धरू देत नाही.

दोन्ही टोकं अशी बांधली की मग ग्राफिक्स कार्ड. इथे सध्या सगळ्यांत तापलेला वाद ८ जीबी मेमरी पुरते का, हा आहे. १४४०पी पडदा घ्यायचा ठरला असेल तर माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. गेमची चित्रं कार्डाच्या मेमरीत मावली नाहीत की ती रॅममधून आणावी लागतात आणि खेळ अडखळतो. सरासरी एफपीएस छान दिसतो, पण मधूनच हिसका बसतो. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, एकाच नावाने विकली जातात. खोक्यावरचा आकडा नीट वाचून १६ चं घ्यावं. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड किमतीच्या मानाने चांगलं आहे, पण ते रीसायझेबल बार सुविधा असलेल्या नव्या बोर्डावरच खरं चालतं. जुन्या पीसीत घालायला घेऊ नये.

खेळापुरतं बोलायचं तर आरएक्स ९०७० एक्सटी आणि आरटीएक्स ५०७० टीआय ही १६ जीबीची कार्डं १४४०पी वर उत्तम चालतात आणि त्यांतलं ज्याचा भाव उतरलेला असेल ते घेतलं तरी पस्तावायला होणार नाही. कामाचा विषय आला की पारडं झुकतं. एनव्हिडियाने २००७ मध्ये कूडा, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर इतर गणितं चालवण्याचं तंत्र, बाजारात आणलं आणि तेव्हापासून रेंडरिंग, सिम्युलेशन, मशीन लर्निंग या क्षेत्रांतली सॉफ्टवेअर त्याभोवती वाढत गेली. ब्लेंडरमध्ये एएमडीचं कार्ड चालतं, पण तोच सीन एनव्हिडियाच्या बरोबरीच्या कार्डावर सहसा लवकर रेंडर होतो. घरच्या पीसीवर भाषेची मॉडेलं चालवून पाहणाऱ्यांसाठी तर कार्डाच्या वेगाआधी त्याची मेमरी, कारण मॉडेल त्यात मावलं पाहिजे. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांनी एक बारकावा पाहावा: आजचे कॅमेरे १० बिट ४:२:२ फाइल देतात आणि ती सरळ टाइमलाइनवर सुरळीत चालवायची सोय इंटेलच्या प्रोसेसरांमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आधीपासून होती, एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेत आणली. या एका गोष्टीने एडिटरचा दिवस सुखाचा होतो किंवा प्रॉक्सी बनवण्यात जातो.

फ्रेम जनरेशनने वाढवलेले आकडे जाहिरातीत दिसतात त्यांकडे मी दुर्लक्ष करतो. दोन खऱ्या फ्रेमांमध्ये बनवलेल्या फ्रेम घातल्याने हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यावरचा प्रतिसाद मूळ फ्रेमांच्याच गतीने येतो. मुळात ६० फ्रेम निघत असतील तर त्याचा उपयोग, ३० निघत असतील तर नाही. याउलट डीएलएसएस आणि एफएसआर ४ सारखं अपस्केलिंग, म्हणजे कमी पिक्सेलांवर चित्र काढून ते मोठं करणं, हे आता इतकं सुधारलं आहे की १४४०पी वर ते बिनदिक्कत वापरावं. जुनं कार्ड घेऊन वेळ मारून नेण्याचा विचार करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ हे गेम रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डांवर सुरूच होत नाहीत. सेकंडहँड बाजारात १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग थांबल्यावर आलेल्या कार्डांपैकी काही अजून फिरत आहेत. अशा कार्डाचे पंखे आणि मेमरीचं तापमान तासभर गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रोसेसरमध्ये खेळ आणि काम यांची ओढाताण खरी आहे. गेमला थोडे पण चपळ कोअर आणि भरपूर कॅश लागते. रेंडरिंगला, कोड कंपाइल करायला जास्तीत जास्त कोअर. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला तेव्हा चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवून ती ९६ एमबी केली आणि गेममधलं चित्रच पालटलं. गेमला क्षणोक्षणी लहान-लहान माहिती हवी असते. ती कॅशमध्ये असणं आणि रॅममधून आणणं यात ओट्यावरचा मिसळणाचा डबा आणि माळ्यावरची बरणी एवढं अंतर पडतं. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये हा थर कोअरच्या खाली नेला, त्यामुळे कोअरची उष्णता कूलरपर्यंत सरळ जाऊ लागली. निव्वळ खेळासाठी तो सर्वांत वरच्या प्रोसेसरांत मोडतो. पण रेंडरिंगमध्ये आठ कोअर ते आठच. तिथे इंटेलचा २० कोअरचा कोअर अल्ट्रा ७ २६५के कमी पैशांत पुढे जातो, गेममध्ये मात्र मागे राहतो. दोन्ही एकत्र हवं तर १६ कोअरचा ९९५०एक्स३डी आहे आणि त्याची किंमतही तशीच आहे.

बहुतेक वाचकांना यांतला एकही लागणार नाही. टॅली, एक्सेल, ऑटोकॅडचं द्विमित ड्राफ्टिंग, फोटोशॉप, वेब डेव्हलपमेंट यांना सहा किंवा आठ चांगले कोअर भरपूर होतात, आणि १४४०पी वर खेळताना बऱ्याच गेममध्ये अडसर प्रोसेसरऐवजी कार्डाचा असतो. रायझन ५ ९६००एक्स किंवा त्याच्या आसपासचा प्रोसेसर घेऊन वाचलेले पैसे कार्डात, नाहीतर वर सांगितलेल्या एसएमपीएसमध्ये घालावेत.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरांचं प्रकरण सेकंडहँड घेणाऱ्यांना माहीत हवं. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं गेल्याने वरच्या श्रेणीतल्या कित्येक चिपा हळूहळू खराब झाल्या, गेम मध्येच बंद पडू लागले आणि दोष बरेचदा ग्राफिक्स कार्डावर गेला. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती पुढचं नुकसान थांबवते. झालेलं भरून काढत नाही.

सॉकेटच्या आयुष्यावर होणारी चर्चा भारतीय खिशासाठी खरोखर महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे पीसी टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. २०१७ मध्ये एएम४ चा बी३५० बोर्ड घेतलेल्या माणसाला पाच वर्षांनी नवा बायोस टाकून त्यावर ५८००एक्स३डी बसवता आला. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट २०२१ मध्ये आला, तीन पिढ्या चालला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची जागा १८५१ ने घेतली. २०२२ च्या एएम५ ला एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देण्याचं म्हटलं आहे. मधल्या काळात प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल तर हे वजन एएम५ च्या बाजूने पडतं. बोर्ड स्वतः बी६५० किंवा बी८५० वर्गातला, दोन-तीन एम.२ खाचांचा आणि प्रोसेसर न लावता बायोस बदलता येईल अशा बटणाचा घेतला की त्याहून वर जाण्याचं कारण क्वचित असतं.

रॅमबद्दल लिहिताना २०२५ च्या अखेरीपासून भडकलेल्या भावांचा उल्लेख करावाच लागतो. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा मोठा वाटा उचलायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने ग्राहकांना रॅम-एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी ज्या ओळीकडे कोटेशनमध्ये कोणी बघत नसे ती आता भांडणाची ओळ झाली आहे. तरी दुहेरी कामासाठी ३२ जीबी हवीच, ती १६-१६ च्या दोन काड्यांत. एकच काडी घेऊन अर्धा वेग गमावू नये. चार काड्यांचा मोहही टाळावा, कारण एएम५ वर चार काड्या लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर घसरतो. रायझनसाठी डीडीआर५ ६००० सीएल३० ही जोडी सर्वांत जुळणारी. ती लावल्यावर बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग, चालू केली नाही तर रॅम सावकाश मूळ वेगाने चालत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

एसएसडीचं थोडक्यात आटोपतं. चौथ्या पिढीच्या एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला ७००० एमबीपर्यंत वाचतात, पाचव्या पिढीच्या त्याच्या दुप्पट. गेम सुरू होण्याच्या वेळात हा फरक जाणवत नाही. टीएलसी मेमरीची चौथ्या पिढीची, शक्य तर २ टीबीची घ्यावी, आणि कामाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

खरेदीत पक्कं बिल सोडू नये. संगणकाच्या पार्टांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो वाचवायला ‘बिल नको’ म्हणणाऱ्याच्या हाती दोन वर्षांनी नुसतं बंद पडलेलं कार्ड राहतं. ज्यांची स्वतःची जीएसटी नोंदणी आहे त्यांना व्यवसायासाठी घेतलेल्या पीसीवर हा कर इनपुट क्रेडिट म्हणून वळता करून घेता येतो, तेव्हा बिलावर आपला नंबर घालून घ्यावा. प्रोसेसर खोकाबंद घ्यावा. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त असतो, कारण त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते, दुकानदार देईल तेवढीच. अमेरिकेतून येणाऱ्या भावाला किंवा मावशीला कार्ड आणायला सांगण्याची पद्धत आहे. त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का हे आधी विचारावं. आणि बोर्ड हातात आला की दुकानातच झाकण उघडून सॉकेटमधल्या पिनांचा फोटो काढावा. एएम५ आणि इंटेल दोन्हींच्या पिना आता बोर्डावर असतात आणि वाकलेल्या पिनेला कंपन्या सहसा वॉरंटी देत नाहीत.

जुळणी दुकानात करून घ्या किंवा घरी करा, शेवटच्या तपासण्या स्वतः कराव्यात. मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावायची. रॅमच्या दोन काड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एएम५ चा पीसी पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमची जुळवणी करताना काही मिनिटं पडदा काळाच राहतो. घाबरून बटण दाबून तो बंद करू नये. विंडोज बसल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघावा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर नव्या पीसीवर बरेचदा ६० वरच सुरू होतो. मग एक रात्र मेमटेस्ट८६ चालवावी. एकही एरर निघाली तर परत करण्याची मुदत असतानाच रॅम बदलून घ्यावी, आणि सीरियल नंबर छापलेली सगळी खोकी वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवावीत.